रिकामं स्टूल

चि. चिमे,


मुंजीच्या पंगतीत झालेलं आपलं भांडण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. जिलबी वाढणारा दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तू मान वर न करता नको म्हणालीस, कारण पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुझी यादी चालली होती. जगातले सर्वांत मोठे दहा रॉक ड्रमर. पहिला नील पीअर्ट, दुसरा जॉन बॉनम, आणि रिंगो स्टार दहातच नाही. मी आवाज चढवला, तू त्याहून चढवलास, आणि तुझी आई गुरुजींच्या देखत म्हणाली, ‘या दोघांना वेगवेगळ्या पंगतीत बसवायला हवं होतं.’

ती पत्रिका मी खिशात घालून आणली. समोर ठेवूनच लिहितोय. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर तुला ऐकून घ्यावंच लागेल.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. चाळीसेक वर्षं मी ‘बोनहॅम’ म्हणत आलो. त्यातला ‘ह’ मुका आहे हे मला तुझ्याकडून कळलं, तेही चारचौघांत. अगं, आम्हाला उच्चार सांगायला होतं कोण? गिरगावातल्या दोन खोल्या, त्यात एक टेपरेकॉर्डर, आणि त्यावर संध्याकाळी तुझ्या आजोबांचे अभंग. रात्री सगळे झोपले की मी आवाज अगदी बारीक करून लेड झेपलिनची कॅसेट लावायचो. ड्रम ही काही बारीक आवाजात ऐकायची गोष्ट नव्हे. म्हणून स्पीकरच्या जाळीला गाल टेकवून पडायचो. बेस ड्रमचा ठोका कानाआधी गालाला कळायचा. बॉनम थोर आहे याला तेव्हा माझ्याकडे एवढाच पुरावा होता. आता बराच जमलाय.

तू म्हणालीस, ‘मामा, बॉनम जोरात वाजवतो. पीअर्ट विचार करून वाजवतो.’ यातलं जोराचं मान्य. सुताराचा मुलगा, स्वतः बांधकामावर राबलेला, अंगात ताकद होतीच. पण तू एकदा ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लाव, आणि लॅपटॉपवर नको, बाबांच्या मोठ्या स्पीकरवर लाव. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची अठराव्या शतकातली इमारत आहे. गावातल्या निराधारांना ठेवायला बांधलेली. झेपलिनने तिथे मुक्काम ठोकून चौथ्या अल्बमचं बरंचसं काम केलं, तो १९७१ च्या नोव्हेंबरात आला. या गाण्यासाठी बॉनमचा सेट मांडला जिन्याच्या तळाशी, उंच छताच्या हॉलमध्ये. अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने दोन माइक वर जिन्यावर लावले. बस. बेस ड्रमला वेगळा माइक नाही, स्नेअरला नाही.

आता विचार कर. अशा जागी मारलेला प्रत्येक ठोका वर जातो, भिंतींना लागतो आणि परत येतो. त्याला वेळ लागतो. नुसता जोरात वाजवणारा तिथे स्वतःच्याच आवाजात बुडाला असता. बॉनम लय संथ ठेवतो, ठोके मोजके ठेवतो, आणि मधली जागा त्या इमारतीला वाजवू देतो. हा विचार नव्हे तर काय? १९८६ साली बीस्टी बॉइजनी हेच ठोके उचलून आपल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्याखाली घातले. त्यांना गिटार नको होती, गायक प्लँटचा गळाही नको होता.

आणि बॉनमच्या पायाचं म्हणशील तर झेपलिनच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’, १९६९. उजव्या पायाने, एकाच पेडलवर, तिश्रातले ठोके असे पळवलेत की ऐकणाऱ्या कितीतरी जणांना वाटलं, याच्याकडे दोन बेस ड्रम असणार. तू सेटला डबल पेडल लावतेस ना? एक दिवस काढून ठेव आणि हे वाजवून बघ. मग फोन कर.

तुला ठाऊक नसेल अशी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या मुंबईत घडली. १९७२ मध्ये झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी स्टुडिओत मुद्रित केली. एक ‘फ्रेंड्स’, दुसरं ‘फोर स्टिक्स’. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या क्लबात ते एका रात्री वाजवूनही गेले. आता ‘फोर स्टिक्स’ हे नाव कसं पडलं? मूळ गाण्यात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलंय. पाच आणि सहाच्या हिशेबात सतत अडखळल्यासारखं वाटणारं, आणि तरीही न अडखळणारं. बॉनम मुंबईला आलाच नव्हता. त्याच्या चार काठ्यांचं काम इथे तबल्याने केलं. ती टेप अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं, आणि तिच्यावर गाण्याचं नाव छापलं होतं ‘फोर हँड्स’. मी ती ऐकली तेव्हा पहिल्यांदा गंमत वाटली आणि मग चुटपुट लागली. तबला सुरेख आहे, हिशेब चोख आहे, पण गाण्याखालची जमीन गेलीये. ज्याच्यावर सगळं उभं होतं तो माणूस तिथे नाही हे दहा सेकंदांत कळतं.

तिथून माझ्या डोक्यात एक कसोटी तयार झाली. ड्रमर किती ठोके मारतो, किती वेगाने मारतो, किती ड्रम मांडून बसतो हे सगळं बाजूला ठेवायचं. त्याला स्टुलावरून उठवायचं आणि बॅण्डचं काय होतं ते बघायचं.

बॉनम गेला २५ सप्टेंबर १९८० ला. बत्तीस वर्षांचा होता. दिवसभर दारू, रात्री पेजच्या घरी झोपला तो उठलाच नाही. त्यानंतर बरोबर सत्तर दिवसांनी, ४ डिसेंबरला, उरलेल्या तिघांनी जाहीर केलं की आता आपलं पूर्वीसारखं चालणं शक्य नाही. त्या वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या बॅण्डांपैकी तो एक होता. दुसरा ड्रमर मिळाला नसता असं नाही, रांग लागली असती. त्यांनी दुकानच बंद केलं. पुढे १९८५ च्या लाइव्ह एडमध्ये तिघे एकत्र आले, तेव्हा मागे दोन ड्रमर होते, फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्प्सन. दोघेही आपापल्या जागी बडे. तो कार्यक्रम इतका फसला की पुढे तो पुन्हा विकायलाही बॅण्डने नकार दिला. २००७ मध्ये लंडनला एका रात्रीपुरते ते परत आले आणि या वेळी जमलं. स्टुलावर होता जेसन बॉनम. मुलगा.

पंगतीत असतो तर मी इथेच थांबलो असतो आणि जिंकलो असतो. पण घरी येऊन इतरांना ती कसोटी लावायला बसलो आणि घोळ झाला.

‘द हू’चा कीथ मून घे. तोही बत्तिसाव्या वर्षीच गेला, १९७८ मध्ये. मून हा ठेका धरणारा माणूसच नव्हे. तो गाण्याच्या बरोबर पळतो, मध्ये घुसतो, गायकाच्या ओळीवर ओळ टाकतो. शाळेतल्या शेवटच्या बाकावरचा पोरगा समज. १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ एका कार्यक्रमात तो नशेने सेटवरच कोसळला. उठवला, पुन्हा कोसळला. शेवटी त्यांच्या गिटारवाल्या पीट टाउनशेंडने माइकवरून विचारलं, कोणाला ड्रम येतात का? आणि स्कॉट हॅल्पिन नावाचा एकोणीस वर्षांचा प्रेक्षक वर चढून उरलेली गाणी वाजवून गेला. म्हणजे माझ्या कसोटीप्रमाणे मूनला शून्य मार्क. त्याच्या मृत्यूनंतरही ‘द हू’ थांबले नाहीत. केनी जोन्स आला, नेटका वाजवणारा, आणि बॅण्ड एकदम सभ्य झाला. सभ्य ‘द हू’ ऐकवत नाही.

या गोष्टीला एक शेपूट आहे, ते मामा-भाचीच्या पत्रात सांगायलाच हवं. १९९६ पासून जवळजवळ तीस वर्षं ‘द हू’च्या स्टुलावर जो बसला तो झॅक स्टार्की, रिंगोचा मुलगा. घरात जगातला सर्वांत प्रसिद्ध ड्रमर असताना पोरगा वेडा झाला तो कीथकाकाच्या वाजवण्याने, आणि लहानपणी त्याला ड्रमसेट दिला तोही मूननेच. आई-बापांकडून घ्यायची ती विद्या मुलं काका-मामांकडून घेतात, ही तक्रार तुझ्या आईचीच आहे असं नाही.

मग चार्ली वॉट्स. इथे माझी कसोटी साफ मोडली.

७ एप्रिल २००३ ला रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. तू जन्मली नव्हतीस. तिकिटाचा आकडा तुझ्या मामीला आजही मी खरा सांगितलेला नाही. एवढं अवाढव्य स्टेज, आणि मागे बसलेल्या वॉट्सचा सेट केवढा? तू शाळेत ज्यावर शिकलीस तेवढा. चार ड्रम, थोड्या झांजा. वय एकसष्ट, चेहऱ्यावर बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसाचे भाव. पुढे गायक जॅगर मैदान पालथं घालतोय आणि मी दुर्बिणीतून एकाच गोष्टीकडे बघतोय: स्नेअरवर डावा हात पडतो त्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवरून उचलला जातो. दर वेळी. बाकीचे ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात, हा स्नेअरला एकटं बोलू देतो. त्या उचललेल्या हातामुळे ठोका केसभर मागे, जरा आरामात पडल्यासारखा वाटतो आणि सगळा बॅण्ड चालायला लागतो तो कूच केल्यासारखा नाही, रमतगमत निघाल्यासारखा.

तू पथकात ताशा वाजवतेस, तुला हे जास्त कळेल. ताशा चुकला की पन्नास ढोल चुकतात, म्हणून सगळ्यांचे कान ताशाकडे. बहुतेक बॅण्डांतही सगळे ड्रमरकडे बघतात. स्टोन्समध्ये उलटं. वॉट्सचा कान कीथ रिचर्ड्सच्या गिटारीला, आणि बाकीचे त्या दोघांच्या मागे. मुळात तो जॅझवाला. रॉक हा त्याच्या लेखी धंदा होता, चांगला चाललेला. ऑगस्ट २०२१ मध्ये तो गेला, आणि महिन्याभरात, स्टीव्ह जॉर्डनला बसवून, स्टोन्स अमेरिकेत स्टेजवर होते. आजारी असताना वॉट्सनेच त्याला होकार दिला होता. मग काय म्हणायचं, वॉट्स लहान? माझा कान नाही म्हणतो. रिकाम्या स्टुलावरून बॅण्डच्या लोकांचा स्वभावही कळतो, फक्त ड्रमरची उंची नाही, हे मला इतक्या उशिरा उमगलं. झेपलिनच्या तिघांना पुढे चालणं जमलं नसतं, स्टोन्सना थांबणं जमलं नसतं.

(ओघात एक. क्वीनला पहिला नंबर देणाऱ्या तुझ्या काकांना सांग की फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता हे कारण बॅण्ड मोठा ठरायला पुरत नाही. महाबळेश्वरला जाताना गाडीत दर वेळी ऐकतो मी ते.)

आता रिंगो. त्याला तू दहातून वगळलंस, त्याचं मला खरं दुःख झालं. ‘तो तर बीटल्समधलाही सर्वांत चांगला ड्रमर नव्हता,’ असं लेनन म्हणाला होता, हे तू पंगतीत फेकलंस आणि आपल्या आजूबाजूचे सगळे हसले. लेनन असं कधीच म्हणालेला नाही. तो इंग्लंडातल्या विनोदी कार्यक्रमातला विनोद आहे, लेननच्या मृत्यूनंतरचा. ऐकायला बरा, म्हणून टिकला.

खरं काय ते ऐक. रिंगो डावखुरा. आजीने धरून-बांधून त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं. आपल्याकडच्या आज्यांचं आणि लिव्हरपूलच्या आज्यांचं याबाबतीत एकमत दिसतं. सेट मात्र उजव्या माणसासारखाच मांडलेला, आणि त्यावर हा डावखुरा. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचा हात उजव्या माणसाच्या वाटेने जात नाही, आडवाटेने जातो, आणि म्हणून त्याचे फिल जरा उशिरा, जरा तिरके, कोणाला नीटशी नक्कल करता येणार नाही असे पडतात. ‘कम टुगेदर’ची सुरुवात आठव. लहानपणी पोटाच्या आजाराने वर्षभर इस्पितळात, तेराव्या वर्षी पुन्हा क्षयाने बराच काळ. दुसऱ्या मुक्कामात इस्पितळातल्या मुलांच्या बॅण्डमध्ये त्याच्या हातात काठी आली. शाळा सुटली ती सुटलीच. स्वतःचं सर्वांत आवडतं वादन म्हणून तो ‘रेन’ सांगतो, १९६६ चं. ते ऐकल्याशिवाय माझ्याशी रिंगोबद्दल बोलू नकोस.

आणि त्याच्या बाबतीत स्टूल रिकामं झालंय ते बॅण्ड जिवंत असताना. १९६८ च्या ऑगस्टमध्ये, मुद्रण चालू असताना, आपलं वाजवणं बरं होत नाही आणि आपण या तिघांत परके आहोत असं वाटून तो निघून गेला. त्याच वर्षी बीटल्स हृषीकेशच्या आश्रमात गेले होते, तिथूनही तो दहाएक दिवसांत परतला होता, बरोबर नेलेले बीन्सचे डबे संपत आले तेव्हा. पण ते पोटाचं दुखणं, हे मनाचं. तो नसताना मॅकार्टनीने ड्रमवर बसून ‘बॅक इन द यूएसएसआर’ आणि ‘डिअर प्रूडन्स’ उरकली. खोटं कशाला बोलू, दोन्ही चांगली झालीत. काम अडलं नाही. तरी त्याला परत ये म्हणून निरोप गेला. दोन आठवड्यांनी तो स्टुडिओत आला तेव्हा त्याचा सगळा सेट फुलांनी मढवून ठेवला होता. काम अडत नसतानाही माणूस हवा असणं, हे माझ्या कसोटीत कुठे बसतं ते मला सांग. मला बसवता आलेलं नाही.

डेफ लेपर्डचं उदाहरण तुला माहीत असेल. ३१ डिसेंबर १९८४ ला मोटार उलटून रिक ॲलनचा डावा हात गेला. ड्रमरचा हात. बॅण्डने नवा माणूस शोधला नाही. स्टूल तसंच ठेवून ते थांबले. डाव्या हाताचं काम डाव्या पायाला देणारी इलेक्ट्रॉनिक पेडलं जमवून तो पुन्हा शिकला, १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या महोत्सवात उभा राहिला, आणि १९८७ मध्ये त्यांचा सर्वाधिक गाजलेला अल्बम आला. तुझ्या यादीत तो नाही, माझ्याही नसेल. पण थांबले ते.

हं. आता तुझा पीअर्ट.

मी त्याला इतकी वर्षं ‘हिशेबनीस’ म्हणत आलो. घराएवढा सेट, एकेक फिल आधी लिहून काढल्यासारखा. त्याच्या बॅण्डचं ‘वायवायझेड’ तू मला समजावून दिलंस तेव्हा मी जांभई दिली हेही खरं. टोरांटोच्या विमानतळाचं हे सांकेतिक नाव, ते मोर्स कोडमध्ये टिंब-रेघांत लिहायचं, आणि त्या टिंब-रेघांचाच पाचाच्या हिशेबातला ठेका करायचा. कल्पना झकास आहे, आज कबूल करतो. मुंजीत केली नसती.

मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. हा ओंटारियोतल्या सेंट कॅथरिन्सचा मुलगा, वडिलांच्या शेतीअवजारांच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा. १९७४ च्या जुलैत रश या बॅण्डमध्ये आला, दोन आठवड्यांत अमेरिकेच्या दौऱ्यावर. पुढली वीस वर्षं जगभरची पोरं त्याची नक्कल करत राहिली. आणि १९९४ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, हा माणूस फ्रेडी ग्रूबर नावाच्या म्हाताऱ्या गुरूकडे गेला आणि काठी धरण्यापासून पुन्हा शिकला. बसायची पद्धत बदलली, पकड बदलली, रोजचा रियाज सुरू केला. चिमे, मी बँकेत नोकरी केली. बेचाळिसाव्या वर्षी नवीन संगणकप्रणाली आली तेव्हा आम्ही दोन दिवस काळ्या फिती लावल्या होत्या.

१९९७ मध्ये त्याची एकुलती मुलगी अपघातात गेली, दहा महिन्यांत बायको कर्करोगाने गेली. तेव्हा त्याने बॅण्डमधल्या दोघांना सांगितलं की मला निवृत्त समजा, आणि मोटारसायकल काढून तो हजारो मैल एकटाच फिरला. त्या दोघांनी, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन यांनी, दुसरा ड्रमर शोधला नाही. काही वर्षांनी तो आपणहून परत आला. ऑगस्ट २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला शेवटचं वाजवलं, जानेवारी २०२० मध्ये मेंदूच्या कर्करोगाने गेला. स्टूल रिकामं ते रिकामंच. दहा वर्षं. झेपलिनच्या तोडीचं, हे मला नाकारता येत नाही.

म्हणून निकाल देतो, लिहून घे. बॉनम पहिला, तो माझ्या गालातून जाणार नाही. वॉट्स दुसरा. रिंगो तिसरा, यावर चर्चा नाही. पीअर्ट चौथा. मुंजीच्या दिवशी मी त्याला नववा म्हणत होतो, तेव्हा पाच जागांची चढण हा तुझा विजय समज आणि आईला सांग.

जाता जाता एक बातमी. तुझ्या कानावर आलीच असेल, पण माझ्याकडूनही ऐक. २०२५ च्या ऑक्टोबरात ली आणि लाइफसन यांनी जाहीर केलं की रश पुन्हा स्टेजवर येतंय. पीअर्टच्या स्टुलावर त्यांनी बसवलंय अनिका निलेस हिला. जर्मनीची आहे. बाई आहे.

रविवारी ये. काठ्या घेऊन ये, पॅड माझ्याकडे आहे. मामीने जिलबी मागवलीये.

तुझा,
मामा